मांजर वाफा उकरतंय? औषध मागण्याआधी हे वाचा

(आमच्या नर्सरीच्या ग्राहकांसाठी, सांगली)

मेथी-कोथिंबीर पेरायचे दिवस आले की काउंटरवर एकच तक्रार सुरू होते, दादा मांजरानं सगळं उकरून टाकलं, काहीतरी औषध द्या. तर आधीच सांगतो, मांजर पळवायचं औषध आम्ही ठेवत नाही आणि त्याची गरजपण नाही. मांजराला तुमच्या झाडांशी काही देणंघेणं नसतं, त्याला पायजे असते भुसभुशीत कोरडी माती, खड्डा करून घाण करायला आणि वरनं झाकायला. आपण माती चाळून शेणखत-कोकोपीट घालून मऊ वाफा करतो म्हणजे त्याची सोय आपणच करून देतो.

म्हणून पहिला उपाय जाळी. एक इंची भोकाची कोंबडी जाळी वाफ्यावर आडवी अंथरायची, कडा मातीत दाबायच्या, वरनं थोडी माती भुरभुरायची. रोप भोकातनं वर येतं आणि मांजराचा पंजा तारेला लागला की ते उकरायचा नाद सोडतं. तासगाव-पलूसकडं कुणी द्राक्षबागवाले पाव्हणे असतील तर त्यांच्याकडची जुनी नेटपण चालते, फक्त ती ताणून बांधा, ढिली नेट पडून राहिली तर त्यात पक्षी नाहीतर साप अडकतो. जाळी नको असेल तर तुरकाट्यांचे वीतभर तुकडे चार-चार बोटांवर उभे खोचा, मांजराला बसायला जागाच राहत नाही. कुंड्यांत मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा मोठे गोटे ठेवा. पेरल्यावर वाफा ओलसर ठेवा, ओली माती त्याला आवडत नाही.

अजून एक, बऱ्याच जणांना माहिती नसतं. अंगणाच्या कडेला खोकली नावाचं तण उगवतं, त्याच्या मुळाच्या वासानं मांजरं येडी होतात, येऊन त्यावर लोळतात. खुरपणी झाली की ते मुळासकट लांब टाका, बागेत ढीग लावून ठेवू नका.

लिंबू-संत्र्याच्या साली टाकून बघा, काही मांजरं लांब राहतात, पण वास उडाला की परत हजर, म्हणून एक-दोन दिवसांनी बदलायला लागतात. गवती चहानं मांजर येत नाही म्हणतात, पण कित्येक मांजरं तर तो आवडीनं चघळतात. आणि बाटलीत लाल-निळं पाणी भरून फाटकावर ठेवण्याचा काहीच उपयोग नाही.

आता हे मात्र अजिबात करू नका. डांबरगोळ्या मांजराला विषारी आहेत आणि बारक्या पोरांनापण. फिनेल पायाला लागतं, मांजर पाय चाटतं, आणि त्यातली काही रसायनं त्याच्या लिव्हरला पचत नाहीत. तिखट पंजावरनं डोळ्यात जातं. उंदराचं औषध घालून मारणं तर गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली 5 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुक्या जिवाला असं मारायचं कुणाच्या मनात असेल तर कृपा करून आमच्याकडं येऊ नका.

घराजवळ येतं ते खाण्यासाठी. फाटकाला टांगलेली दुधाची पिशवी, उघडी बादली, मासे धुतलेलं पाणी, कुत्र्याच्या ताटलीतलं उरलेलं, हे बंद करा. बोका दाराला नाहीतर गाडीच्या चाकाला फवारा मारून जातो, ती जागा साबणाच्या पाण्यानं धुऊन मग पाण्यात मिसळलेला व्हिनेगर लावा, अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास मुताशी जुळतो आणि तो परत तिथंच येतो. जिन्याखालची, टाकीमागची पोकळी बुजवायच्या आधी आत टॉर्च मारून बघा, पिल्लं असतील तर ती मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबा.

वाफ्यात घाण सापडली तर खुरप्यानं उचलून टाका, हातात ग्लोव्हज घाला आणि हात साबणानं धुवा. गरोदर बायकांनी हे काम करूच नये, त्यातनं टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू लागू शकतो आणि बाळाला धोका असतो. त्या मातीतली कच्ची भाजी नीट धुतल्याशिवाय खाऊ नका.

गल्लीत मांजरं वाढतच असतील तर पकडून लांब सोडून काही होत नाही, रिकाम्या जागेत दुसरी येतात. मांजरीचा गाभणकाळ साधारण 2 महिन्यांचा आणि चार-पाच महिन्यांची मांजर गाभण राहू शकते, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी पैसे काढून व्हेटकडनं ऑपरेशन करून घेतलेलं बरं.

कोंबडी जाळी आम्ही मापानं कापून देतो. वाफ्याची लांबी-रुंदी मोजून आणा आणि प्रत्येक बाजूला अर्धा फूट जास्त धरा, कडा दाबायला तेवढी लागतेच.