गणिती सॉफ्टवेअरचा क्रॅश

आकडेमोड, सांख्यिकी किंवा बीजगणिती रूपांतरे करणारे सॉफ्टवेअर काम अर्धवट टाकून अचानक बंद पडणे, याला गणिती सॉफ्टवेअरचा क्रॅश म्हणतात. मॅटलॅब, मॅथेमॅटिका, मेपल, आर, ऑक्टेव्ह, सेजमॅथ आणि नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजच्या आधाराने चालणारे पायथन, सगळ्यांच्याच वाट्याला तो येतो. कामाच्या ठिकाणच्या संगणकावर त्याचा छडा लावणे जास्त अवघड जाते. तिथे परवाना दुसऱ्याच यंत्रावरून येतो, फाइली नेटवर्कवर असतात, अँटिव्हायरस बंद करता येत नाही आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड आयटी विभागाकडे असतो. तरीही क्रॅशचे मूळ कोणत्या थरात आहे, एवढे बहुतेक वेळा कोणत्याही खास अधिकाराशिवाय शोधता येते.

थर म्हणण्याचे कारण असे की हे सॉफ्टवेअर एकसंध नसते. वर वापरणाऱ्याला दिसणारी खिडकी, तिच्या मागे आज्ञा वाचून हिशेब करणारा कर्नल, त्याखाली मॅट्रिक्सचे कष्टाचे काम करणाऱ्या ब्लास आणि लॅपॅक या लायब्रऱ्या, त्याखाली ऑपरेटिंग सिस्टिम व ड्रायव्हर आणि तळाशी प्रोसेसर व मेमरी, अशी ही उतरंड असते. मॅथेमॅटिकात खिडकी आणि कर्नल १९८८ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच वेगळे आहेत; ज्युपिटर नोटबुकची रचनाही तशीच आहे. त्यामुळे कर्नल मेला तरी खिडकी शाबूत राहते, लिहिलेले वाचते, पण चलांच्या किमती जातात. उलट खिडकी गोठली तरी कर्नल मागे निवांत हिशेब करत असू शकतो.

बोलण्यात ‘उडाले’, ‘हँग झाले’, ‘अडकले’ हे शब्द एकाच अर्थाने येतात. निदानासाठी त्यांतला फरक पाहावाच लागतो. लाल अक्षरांत एरर दाखवून सॉफ्टवेअर पुढच्या आज्ञेची वाट पाहत असेल, तर तो क्रॅश नव्हे. खिडकी प्रतिसाद देत नसेल तर टास्क मॅनेजर उघडून पाहावे. प्रोसेसरचा एखादा गाभा (कोअर) पूर्ण व्यग्र असेल तर बहुधा गणित चालू आहे. वापर शून्यावर असेल तर सॉफ्टवेअर कशाची तरी वाट पाहत आहे, आणि हे ‘कशाची तरी’ अनेकदा नेटवर्क ड्राइव्ह किंवा परवाना सर्व्हर असते. रात्री लावलेले गणित सकाळी गायब दिसले की सॉफ्टवेअरला दोष देण्याचा मोह होतो. पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर कोणीतरी किंवा एखाद्या अपडेटने संगणक रीतसर बंद वा रीस्टार्ट केलेला असतो. ६००८ ही नोंद संगणक अनपेक्षितपणे बंद पडल्याची. खरा क्रॅश १००० क्रमांकाखाली सापडतो आणि हँग १००२ खाली. ही नोंदवही वाचायला दोन मिनिटे लागतात. ती न वाचता सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्यात अर्धा दिवस घालवणारेच जास्त भेटतात.

चुकीच्या गणिताने क्रॅश होतो का?

सहसा नाही. शून्याने भागले म्हणून सॉफ्टवेअर उडाले, अशी समजूत सर्रास आढळते. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकानुसार दशांश संख्यांच्या गणितात शून्येतर संख्येला शून्याने भागले तर उत्तर ‘अनंत’ मिळते, आणि शून्याला शून्याने भागले तर ‘नॅन’, म्हणजे ‘संख्याच नव्हे’ असे चिन्ह. गणित पुढे चालू राहते. पूर्णांकांची गोष्ट निराळी. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर पूर्णांकाला शून्याने भागले की प्रोसेसर स्वतःच अपवाद उठवतो, आणि सर्वांत लहान ऋण पूर्णांकाला उणे एकने भागले तरी तसेच होते, कारण येणारे उत्तर त्या प्रकारात मावत नाही. वरच्या थरातील भाषा हे अपवाद बहुधा अडवतात. स्वतः सी किंवा फोरट्रानमध्ये लिहून जोडलेल्या भागात ते अडवणारे कोणी नसते.

मेमरी

मोठ्या गणितांच्या बाबतीत पहिला संशय मेमरीवर घ्यावा, आणि तो कागदावर तपासता येतो. दुहेरी अचूकतेची एक संख्या ८ बाइट घेते. १०,००० ओळी व तितकेच स्तंभ असलेले मॅट्रिक्स ८० कोटी बाइट, म्हणजे ८०० मेगाबाइट व्यापते. बाजू पाचपट करून ५०,००० केली की जागा पंचवीसपट होऊन २० गिगाबाइटवर जाते. त्यात ‘अ गुणिले ब अधिक क’ असे निरुपद्रवी दिसणारे वाक्यही मधल्या निकालासाठी आणखी एक मॅट्रिक्स तयार करते. समांतर गणनेत, म्हणजे काम अनेक वर्करांत (एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांत) वाटल्यावर, प्रत्येक वर्कर माहितीची स्वतःची प्रत घेऊन बसला, तर एका प्रतीत आरामात मावणारे काम आठ वर्करांत मावत नाही. वेग वाढवण्यासाठी वर्कर वाढवले आणि त्याच दिवसापासून क्रॅश सुरू झाले, ही तक्रार याच जातीची.

फसवे उदाहरण विरळ, म्हणजे बहुतेक जागी शून्य असलेल्या मॅट्रिक्सचे. फक्त तीन कर्णांवर संख्या असलेल्या ५०,००० बाजूच्या मॅट्रिक्समध्ये शून्येतर संख्या जेमतेम दीड लाख असतात. ते काही मेगाबाइटांत बसते. पण त्याचा व्यस्त काढला तर तो सर्वसाधारणपणे पूर्ण भरलेला येतो आणि वरच्या हिशेबाप्रमाणे २० गिगाबाइट मागतो. व्यस्त काढून गुणण्याऐवजी समीकरणे थेट सोडवणारी आज्ञा वापरली की तेच काम क्षणात होते. इथे यंत्राला जास्त रॅम बसवून मागणे हा उपाय नव्हे.

बैजिक गणनेत, म्हणजे आकड्यांऐवजी चिन्हांनी चालणाऱ्या गणितात, अंदाज आणखी अवघड होतो. दिलेले समीकरण दोन ओळींचे, अंतिम उत्तर एका ओळीचे, आणि मधली राशी मात्र लाखो पदांची, असे घडते. ग्रोब्नर आधार (बहुपदी समीकरणांच्या संचाचे सोडवायला सोयीचे रूप) काढताना सर्वांत वाईट स्थितीत चलांच्या संख्येबरोबर गुंतागुंत दुहेरी घातांकी वेगाने वाढू शकते, हे माइर आणि मेयर यांच्या १९८२ च्या कामावरून दिसते. म्हणून अशा गणनेला सुरुवातीलाच वेळेची आणि मेमरीची मर्यादा घालावी. मॅथेमॅटिकात त्यासाठी तयार आज्ञा आहेत. मर्यादा संपली की गणना थांबते, कर्नल वाचतो.

लिनक्सवर मेमरी संपली की गाभाप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मुख्य भाग, एक प्रक्रिया (चालू प्रोग्राम) निवडून मारून टाकते. पडद्यावर बहुधा ‘किल्ड’ एवढाच शब्द उरतो, आणि परतीचा आकडा, म्हणजे प्रक्रिया संपताना मागे ठेवते तो क्रमांक, १३७ येतो: १२८ अधिक ९, नववा सिग्नल म्हणजे सक्तीने मारणे. १३९ आला तर १२८ अधिक ११, म्हणजे प्रक्रियेने आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला. हे दोन आकडे लक्षात असले की पुढचा रस्ता लगेच फुटतो. पहिल्यात गणिताचा आकार पाहायचा, दुसऱ्यात लायब्रऱ्या. रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणे, हा मेमरीचाच एक पोटप्रकार. पायथन १,००० ची मर्यादा मुळातच घालून ठेवते. ती ओलांडल्यावर सभ्य एरर येते. ती एरर नको म्हणून मर्यादा बेसुमार वाढवली, तर काही वेळा अशा बोलावण्यांसाठी राखलेली मेमरी, म्हणजे स्टॅकच संपतो आणि काही न बोलता सगळे बंद पडते.

लायब्रऱ्यांची भांडणे

ब्लासची पहिली मांडणी १९७९ मधली, लॅपॅक १९९२ मधले. पण आज त्यांचे इंटेलचे एमकेएल, ओपनब्लास असे अनेक अवतार आहेत आणि एकाच प्रक्रियेत दोन अवतार शिरले की खटके उडतात. विंडोजवर पायथन वापरणाऱ्यांना ओएमपी एरर क्रमांक १५ ओळखीची असते: समांतर गणनेची तीच लायब्ररी दोन ठिकाणांहून चढली, अशी ती तक्रार. एक पर्यावरणचल (प्रोग्रामबाहेरून दिलेली सेटिंग) ‘ट्रू’ केले की तक्रार थांबते, आणि हा तोडगा तोंडोतोंडी पसरलेला आहे. पण तोच संदेश पुढे बजावतो की असे केल्यास प्रोग्राम क्रॅश होऊ शकतो किंवा गुपचूप चुकीची उत्तरे देऊ शकतो. क्रॅश परवडला; निदान तो झाल्याचे कळते. म्हणून हा तोडगा वापरू नये. पायथनचे नवे, स्वच्छ पर्यावरण (पॅकेजांचा वेगळा संच) तयार करून सर्व पॅकेजे एकाच स्रोतातून घ्यावीत. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आल्यावर जुन्या १ मालिकेवर बांधलेली मोड्यूले अशीच अडू लागली. तिथेही आवृत्त्या जुळवणे हाच उपाय होता.

‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ असा संदेश आला तर लायब्ररी एव्हीएक्स-५१२ सारख्या प्रोसेसरच्या नव्या आज्ञांसाठी बांधलेली आणि प्रोसेसर त्या न जाणणारा, असा प्रकार असतो. कार्यालयाने दिलेले यंत्र प्रत्यक्षात आभासी (व्हर्च्युअल) असेल, तर खालचा प्रोसेसर नवा असूनही त्या आज्ञा झाकलेल्या असू शकतात.

सर्वांत चिवट प्रकार म्हणजे जोडलेल्या सी भागाने मेमरीची हद्द ओलांडून लिहिणे. बिघाड एका जागी होतो, सॉफ्टवेअर कोसळते भलतीकडेच, कधी दहा मिनिटांनी. विंडोजच्या नोंदीत दोषी मोड्यूल म्हणून ‘एनटीडीएलएल’ ही विंडोजची स्वतःची फाइल दिसली की विंडोजच बिघडली असे वाटते, पण ते बहुधा फक्त प्रेत सापडल्याचे ठिकाण असते. पायथनमध्ये ३.३ आवृत्तीपासून असलेले फॉल्टहँडलर हे मोड्यूल चालू ठेवले, तर कोसळण्याच्या क्षणी कोणती ओळ चालू होती ते छापले जाते.

कार्यालयातली कारणे

अनेक संस्थांत परवाने फ्लेक्सनेट पद्धतीच्या सर्व्हरवरून वाटले जातात. त्याच्या एररमधला उणे १५ म्हणजे सर्व्हरशी संपर्कच झाला नाही, उणे ४ म्हणजे सगळे परवाने वापरात आहेत. हे आकडे आले तर सॉफ्टवेअरला हात लावण्याचे कारण नाही. कामाची फाइल आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये असेल, तर गणना लिहीत असतानाच सिंक यंत्रणा ती धरून ठेवू शकते. फाइल स्थानिक डिस्कवर, छोट्या आणि साध्या रोमन नावाच्या फोल्डरमध्ये हलवून पाहणे ही स्वस्त चाचणी आहे. विंडोजच्या जुन्या नियमाप्रमाणे पूर्ण मार्ग २६० अक्षरांत बसावा लागतो आणि काही जुन्या लायब्रऱ्या इतर लिपीतील नावांवर अडखळतात. आलेख काढतानाच क्रॅश होत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरकडे पाहावे, विशेषतः दूरस्थ डेस्कटॉपवरून काम चालू असल्यास. आलेख पडद्याऐवजी थेट फाइलीत उतरवून पाहिला की निवाडा होतो.

छडा लावण्याची पद्धत

आधी क्रॅश हवा तेव्हा घडवता आला पाहिजे. मग सॉफ्टवेअर कोणत्याही वैयक्तिक सेटिंगशिवाय सुरू करावे. आर मध्ये त्यासाठी ‘व्हॅनिला’ हा पर्याय आहे. सुरू होताक्षणीच आर मरत असेल, तर आधीच्या सत्राची जपून ठेवलेली, बिघडलेली किंवा अवाढव्य आरडेटा फाइल हे नेहमीचे कारण, आणि ती बाजूला हलवताच यंत्रणा जिवंत होते. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकल्याने ही फाइल जात नाही. त्यानंतर स्क्रिप्ट निम्मी करत जावी: अर्धा भाग वगळून पाहायचा, क्रॅश राहिला तर उरलेल्याचा पुन्हा अर्धा. १,०२४ ओळींची स्क्रिप्ट दहा पायऱ्यांत एका ओळीवर येते. गणितज्ञाला ही पद्धत समीकरणाचे मूळ शोधताना पाठ असते, पण सॉफ्टवेअर उडाले की नेमकी तीच सुचत नाही. थ्रेडची, म्हणजे एका प्रक्रियेत समांतर चालणाऱ्या धाग्यांची, संख्या एकवर आणून पाहणे ही पुढची चाचणी. त्याने क्रॅश थांबला तर समांतर गणनेत घोळ आहे.

एवढे झाल्यावर आयटी विभागाला ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ असे कळवू नये. आवृत्ती, क्रॅशची वेळ, नोंदीतले मोड्यूलचे नाव आणि चार-पाच ओळींचे कोसळणारे उदाहरण कळवावे. कोअर डंप किंवा मेमरी डंप, म्हणजे क्रॅशच्या वेळी मेमरीची उतरवलेली फाइल, मात्र बाहेरच्या कोणाला विचार न करता पाठवू नये. त्या क्षणी मेमरीत जे होते ते त्यात उतरते, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी, पगाराचे आकडे आणि पासवर्डसुद्धा.

यंत्राचा दोष

क्रॅश दर वेळी त्याच जागी होत असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. दर वेळी जागा बदलत असेल तर थ्रेडचा घोळ, तापमान, रॅम किंवा प्रोसेसर. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी किंवा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवता येते, पण त्यासाठी आयटी विभागाची मदत लागते. प्रोसेसरवर संशय घेणे उद्धट वाटले तरी दाखले आहेत. मर्सेन मूळसंख्या (दोनच्या घातापेक्षा एकने लहान असणाऱ्या) शोधणारे प्राइम९५ हे सॉफ्टवेअर इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर संगणक गोठवत होते. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने दोष मान्य केला आणि तो बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने सुटला. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे मान्य होऊन मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतील आज्ञावलीच्या) दुरुस्त्या आल्या.

१९९४ च्या पेंटियमचा भागाकाराचा दोष मात्र क्रॅशविनाच आला. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. ८२४६३३७०२४४१ चा व्यस्त काढताना उत्तर चुकत होते आणि संगणक मजेत चालू होता. दोष सॉफ्टवेअरचा नव्हे, प्रोसेसरचा, हे पक्के करायला त्यांना कित्येक महिने लागले. इंटेलने अखेर प्रोसेसर बदलून दिले आणि ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकले.