बूस्ट पेडल : हाय-गेन गिटार ॲम्प्लिफायरसाठी निवड

इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडले जाणारे, गिटारचा सिग्नल ॲम्पमध्ये शिरण्यापूर्वीच वाढवणारे पायाने चालू-बंद करायचे उपकरण म्हणजे बूस्ट पेडल. ओव्हरड्राइव्ह पेडल सिग्नल वाढवतेच, शिवाय त्याच्या लहरींची टोके थोडी छाटते. हाय-गेन, म्हणजे सिग्नल खूप वाढवणाऱ्या ॲम्पमध्ये एकापाठोपाठ एक व्हॉल्व्हचे (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचे) टप्पे असतात आणि डिस्टॉर्शन, म्हणजे सिग्नल छाटल्याने येणारा खरखरीतपणा, मुळातच भरपूर असते; मग त्याच्यापुढे आणखी एक पेडल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. येथे पेडलचे मुख्य काम डिस्टॉर्शन वाढवण्याचे नसून ॲम्पमध्ये शिरणारा खर्ज आवरण्याचे असते, आणि निवडीचे बहुतेक निकष यातूनच निघतात.

सुरुवात मात्र उलट गरजेतून झाली. १९६०च्या दशकात ॲम्पचे गेन तोकडे पडे, म्हणून डॅलस रेंजमास्टरसारखे ट्रेबल (वरचे स्वर वाढवणारे) बूस्टर आले. ब्लॅक सॅबथ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांनी ते वापरले. १९९०च्या दशकात पीव्ही ५१५० आणि मेसा बुगी ड्युअल रेक्टिफायर यांसारख्या ॲम्पमुळे गेनची उणीव राहिली नाही, पण खर्जातला सैलपणा जाणवू लागला. सहा तारांच्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, सात तारांच्या गिटारची सुमारे ६२ हर्ट्झवर. इतका खालचा स्वर पूर्ण ताकदीने पहिल्याच व्हॉल्व्हवर आदळला की पुढचे टप्पे त्याच्याच ओझ्याने छाटले जातात आणि वेगवान रिफमधले (पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीतले) स्वर एकमेकांत कालवले जातात.

आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल याच कारणाने मेटल संगीत वाजवणाऱ्यांच्या पेडलबोर्डवर येऊन बसले. त्याच्या छाटणीच्या टप्प्यात ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना क्रमाक्रमाने कमी वाढ मिळते, त्यामुळे मधल्या स्वरांना उठाव येतो आणि खर्ज मागे राहतो. ड्राइव्हचा (छाटणीचे प्रमाण ठरवणारा) नॉब शून्यावर असला तरी वरच्या स्वरांना तेथे सुमारे १२ पट वाढ मिळते. म्हणून शून्य ड्राइव्ह म्हणजे पेडल निष्क्रिय, ही समजूत चुकीची आहे. बॉसच्या १९८१ मधील एसडी-१ मध्ये सिग्नलची वरची आणि खालची बाजू असमान छाटली जाते, तरी ॲम्पपुढचे त्याचे काम साधारण तेच असते. सर्व स्वर सारखेच वाढवणारे स्वच्छ बूस्ट, उदाहरणार्थ एमएक्सआर मायक्रो ॲम्प, सैल खर्जाच्या ॲम्पपुढे उपयोगी पडत नाही, कारण ते नको असलेला खर्जही तितकाच ढकलते. ज्यांना सात-आठ तारांवर वाजवायचे आहे त्यांनी खर्जाची कपात बदलता येईल असे पेडल पाहावे. हॉरायझन डिव्हायसेसच्या प्रिसिजन ड्राइव्हवर त्यासाठी निराळा नॉब आहे.

घोडबंदर रस्त्यालगतची किंवा वाशी-नेरूळची एखादी लहान जॅम रूम (बँडच्या सरावाची खोली) घेतली तर हा फरक चटकन कळतो. ड्राइव्ह पूर्ण डावीकडे, लेव्हल (बाहेर पडणाऱ्या सिग्नलची पातळी) जवळजवळ पूर्ण उजवीकडे, टोन मधोमध. उजव्या तळव्याची कड ब्रिजलगत टेकवून जाड तार छेडली, की मघापर्यंत ‘धूम्’ म्हणून घुमणारा स्वर ‘धक्’ असा आटोपशीर निघतो आणि ड्रमच्या किकसाठी व बासगिटारसाठी जागा मोकळी होते. मार्शल जेसीएम८०० सारख्या ॲम्पचे गेन तुलनेने कमी असते. तेथे ड्राइव्ह थोडा वर घेणे योग्य. सोलोसाठी केवळ आवाज मोठा हवा असेल, तर बूस्ट ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (डिस्टॉर्शनच्या टप्प्यांनंतरच्या जोडणीत) लावावे. ॲम्पच्या आधी लावल्यास, डिस्टॉर्शनने आधीच भरलेल्या ॲम्पमध्ये आवाज फारसा वाढत नाही, घनता वाढते.

खरेदीच्या वेळी सर्वांत मोठी फसगत परीक्षेच्या पद्धतीमुळे होते. ठाण्याहून लोकलने धोबीतलावपर्यंत जाऊन दुकानातल्या स्वच्छ चॅनेलवर पेडल ऐकले, तर ते नाकात बोलल्यासारखे, खर्जहीन वाटते आणि ग्राहक नेमके उपयोगाचे पेडल नाकारतो. आपली गिटार बरोबर न्यावी, डिस्टॉर्शन चॅनेल लावूनच पेडल ऐकावे आणि दोन पेडलांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण जे मोठे वाजते तेच कानाला चांगले वाटते. सोसायटीतल्या घरात ॲम्पऐवजी कॉम्प्युटरवरील ॲम्प-सिम्युलेशन वापरणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो. ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल असल्याने त्यांची संख्या शहरात कमी नाही.

बूस्टबरोबर गिटारची गुणगुणही वाढते, म्हणून नॉइझ गेटचा (वाजवणे थांबताच गुणगुण बंद करणाऱ्या उपकरणाचा) खर्च आधीच धरावा. बहुतेक पेडलांना मध्यभागी ऋण टोक असलेला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. एकाच स्वस्त अडॅप्टरवर डिजिटल पेडल जोडले की बारीक शिट्टीसारखा आवाज मिसळू शकतो. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, जॅकचे संपर्क काळवंडतात आणि नॉब फिरवताना खरखर येते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब दोन्ही टोकांपर्यंत दहा-वीस वेळा फिरवल्यास ती बहुधा जाते.