नेटवर्कवरील सामायिक फाइलींचा बिघाड

सर्व्हरवरील फाइली नेटवर्कमार्गे अनेक संगणकांना खुल्या केल्या असता, त्यांत लिहिलेला मजकूर पुढे वेगळाच वाचला जाणे किंवा फाइल मुळीच न उघडणे, याला सामायिक फाइलींचा बिघाड म्हणतात. व्यवहारात ‘फाइल करप्ट झाली’ असे म्हणतात. कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्र्या व मशीनशॉप यांसारख्या ठिकाणी, जिथे कास्टिंगची ड्रॉइंग, सीएनसी प्रोग्रॅम आणि हिशेब अनेक टेबलांवरून एकाच फोल्डरमध्ये उघडले जातात, तिथे या बिघाडाचा फटका थेट उत्पादनाला बसतो.

फाइली अशा सामायिक करण्यासाठी विंडोज कार्यालयांत एसएमबी, तर युनिक्स-लिनक्स संगणकांत प्रामुख्याने सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेला एनएफएस हा प्रोटोकॉल (संगणकांमधील देवाणघेवाणीची नियमावली) वापरतात.

‘सेव्ह’ केलेला मजकूर आधी वापरकर्त्याच्या संगणकाच्या मेमरीत, मग सर्व्हरच्या मेमरीत आणि शेवटी डिस्कवर जातो. एनएफएस सर्व्हरवर ‘असिंक’ पर्याय चालू असल्यास मजकूर डिस्कवर पोहोचण्याआधीच ‘लिहिले’ असे उत्तर जाते, आणि त्या क्षणी सर्व्हरची वीज गेली तर हरवलेल्या भागाचा वापरकर्त्याला पत्ताही लागत नाही. पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन परत येते तेव्हा सर्व्हर यूपीएसवर तगतो, पण साध्या सॉकेटला जोडलेला नेटवर्क स्विच बंद पडतो आणि लेखन अर्ध्यावर तुटते. स्विचही यूपीएसवर घेणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय, आणि दुर्लक्षही बहुधा त्याच्याकडेच होते. सर्व्हरवरील फोल्डर आपल्या संगणकाला जोडणे म्हणजे माउंट. एनएफएसमधील ‘सॉफ्ट’ माउंट ठरावीक वेळेनंतर प्रयत्न सोडून देतो, म्हणून लेखनासाठी उत्तर येईपर्यंत प्रयत्न करत राहणारा ‘हार्ड’ माउंटच योग्य.

दुसरे कारण लॉकिंगचे, म्हणजे एक जण लिहीत असताना इतरांना त्या फाइलीत लिहू न देण्याच्या व्यवस्थेचे. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत लॉकचे काम वेगळ्या प्रोटोकॉलकडे असे. चौथ्या आवृत्तीत ते मूळ प्रोटोकॉलमध्येच आले. लॉक नीट न पाळल्यास दोघांचे लेखन एकमेकांत मिसळते. डेटाबेसच्या फाइली याला विशेष बळी पडतात. एसक्यूलाइट या एकाच फाइलीत साठणाऱ्या डेटाबेसच्या अधिकृत माहितीतही नेटवर्कवरील वापराबाबत इशारा दिलेला आहे.

निदान करताना प्रथम त्या फाइलीतील लेखन थांबवून बिघडलेल्या फाइलीची प्रत जशीच्या तशी काढून ठेवावी, कारण ‘रिपेअर’ची घाई केल्यास पुरावाच पुसला जातो. मग फाइलीचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला, जणू बोटांचा ठसा असा आकडा) सर्व्हरवर आणि वापरकर्त्याच्या संगणकावर स्वतंत्रपणे काढावा. तत्पूर्वी शेअर पुन्हा माउंट करावा, नाहीतर संगणक स्वतःच्याच कॅशमधील (तात्पुरत्या साठ्यातील) जुनी प्रत वाचतो. हॅश जुळले नाहीत तर संशय कॅश, मेमरी किंवा नेटवर्कवर जातो. जुळले तर बिघाड सर्व्हरवरील प्रतीतच आहे. चांगली जुनी प्रत हाताशी असल्यास बाइटनिहाय तुलना सर्वाधिक बोलकी ठरते: ४०९६ बाइटांच्या पटीतले शून्यांचे पट्टे न पोहोचलेल्या लेखनाकडे, एखादाच पालटलेला बिट सदोष रॅमकडे, तर सरमिसळ झालेले तुकडे लॉकिंगकडे बोट दाखवतात. नेटवर्कवरून मजकूर नेणाऱ्या टीसीपी प्रोटोकॉलची चेकसम (चुका पकडण्यासाठी मजकुरासोबत पाठवलेला पडताळणीचा आकडा) १६ बिटांचीच असल्याने वाटेतल्या काही चुका तिच्यातूनही निसटतात.

झेडएफएससारखी फाइल प्रणाली प्रत्येक ब्लॉकची चेकसम तपासून डिस्कवरील बिघाड ओळखते. मात्र वापरकर्त्याच्या मेमरीतच बिघडून आलेला मजकूर ती बिनतक्रार साठवते आणि रेडचा आरसाही (तोच मजकूर दोन डिस्कवर ठेवण्याची व्यवस्था) त्याचीच दुसरी प्रत करतो. अशा वेळी बिघाडाच्या आधीचा स्नॅपशॉट (त्या क्षणी फाइली जशा होत्या त्याची जपलेली नोंद) किंवा वेगळ्या डिस्कवरील बॅकअप यांतूनच फाइल परत मिळते.