गुडघा दुखतोय, पण आधी घोटा बघा

आलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत संध्याकाळी कुठल्याही वाडीत कबड्डी बघायला थांबा, तेरा-चौदा वर्षांचा एखादा पोरगा गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून चढाईला जाताना दिसेलच. आणि ह्याच पोराने घरी जिमचं नाव काढलं की आई म्हणणार, नको रे बाबा, उंची खुंटेल.

उंचीचं आधी मिटवू. लांब हाडांच्या टोकांना कूर्चेचा वाढीचा थर असतो, मुलींमध्ये साधारण 14 ते 16 आणि मुलांमध्ये 16 ते 18 च्या आसपास तो हाडात बदलतो. त्याला इजा होऊ शकते हे खरं, पण कोणीतरी नीट शिकवून, समोर उभं राहून करून घेतलेल्या वेट ट्रेनिंगने उंची खुंटते ह्याला पुरावा नाही. उलट उडी मारून खाली येताना पायावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही!

आता गुडघा. हा बिजागरीचा सांधा, वाकणं आणि सरळ होणं हे त्याचं मुख्य काम, वळतो अगदी थोडासा. वरचा खुबा मात्र उखळीचा, चौफेर फिरणारा. चढाईत पोरगा झटकन वळतो तेव्हा खुबा फिरला नाही, घोटा आखडलेला असला, तर सगळा पीळ मधल्या गुडघ्यावर येतो, तो आत कलतो आणि एसीएल लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा, फाटतो तो बरेचदा असाच, कोणी हातही लावलेला नसताना. घरी बघायचंय? पायाचा अंगठा भिंतीपासून 10 सेंमीवर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकत नाही किंवा दोन पायांत फरक आहे, तर आधी घोट्यावर काम.

मग बैठका, पण सावकाश, गुडघा पावलाच्या रेषेत. पाठीला काठी लावून कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकणं. एका पायावर उतरणं. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस गॅप, आणि फॉर्म बिघडला की तिथेच थांबायचं, मोजणी गेली खड्ड्यात. वयात येण्याआधी दंड फुगत नाहीत म्हणून पोरं नाराज होतात, पण ताकद वाढत असते, कारण मेंदू आणि नसा जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकतात.

वाळूत पळायचं फॅड आपल्याकडे फार. पळा, पण भुसभुशीत वाळूत पोटरी आणि टाचेमागच्या टेंडनवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, जास्त ताण येतो, आणि टेंडन स्नायूंपेक्षा हळू तयार होतं, त्यामुळे सुरुवात ओल्या, घट्ट वाळूवर थोडंसंच पळून करा.