अंगणवाडीतल्या ताटामागचा इतिहास

गोव्यात जवळपास सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि अर्भकमृत्यूचं प्रमाण देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांत आपली गणना होते. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) गोव्यातली पाच वर्षांखालची २५.८ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत हा आकडा २०.१ होता. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमधला रक्तक्षय ४८.३ टक्क्यांवरून ५३.२ टक्क्यांवर गेला. मूल जगवण्यात आपण पुढे आहोत, पण ते पोसण्यात कमी पडतोय. या वयातली कितीतरी मुलं दिवसाचे काही तास आईपासून दूर असतात, कोणी अंगणवाडीत, कोणी पाळणाघरात, कोणी शेजारच्या काकूंकडे. तिथे घास भरवणाऱ्या बाईला काय भरवायचं हे कोणी, कधी आणि कोणत्या भाषेत सांगितलं, ते पाहायला मागे जावं लागतं.

मराठी मुलखात ही वाट ताराबाई मोडकांनी पाडली. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणाच्या कामात सामील झाल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी पाड्यावरच्या अंगणातच वर्ग भरवला. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हासुद्धा त्यांच्या लेखी शिक्षणाचाच भाग होता. सांभाळणारी बाई म्हणजे शिक्षिका, हा विचार तिथे पक्का झाला. पुढे सरकारने अंगणवाडी उचलली, पण हा विचार पुरता उचलला नाही, असं मला वाटतं.

त्या काळात गोवा पोर्तुगिजांकडे होता. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, पण बाळाला काय भरवायचं हे ज्ञान घरातल्या आजीकडे आणि गावातल्या सुईणीकडे होतं. इथला भात इथल्या माणसांना पुरत नसे, तांदूळ बाहेरून आणावा लागे, आणि १९५० च्या दशकातल्या आर्थिक नाकेबंदीने ती ओढ आणखी वाढवली. उकड्या तांदळाची पेज, कुळीथ, नाचणी, सुकी मासळी यांवर घरं निभावत. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरउतारांवर कुमेरीत, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीत, नाचणी पिके. पुढे जंगलाच्या कायद्यांनी कुमेरी आक्रसली आणि तिच्याबरोबर ताटातली नाचणीही. मुलांच्या आहाराच्या अहवालांत ही गोष्ट सहसा येत नाही, पण ती यायला हवी.

१९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा देशात आहारशास्त्राचा एक मोठा वाद आकार घेत होता. कुपोषण म्हणजे प्रथिनांची टंचाई, असं त्या काळी जगभर मानलं जाई. म्हणून दुधाची भुकटी, सोया आणि प्रथिनांच्या पुड्यांवर भर होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन यांनी दाखवून दिलं की सुजलेली आणि सुकलेली, दोन्ही प्रकारची कुपोषित मुलं घरी साधारण सारखंच अन्न खात होती आणि खरी कमतरता एकूण अन्नाचीच होती. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहून पुण्याला परतले, तेही हेच मांडत होते: रोजचं धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं तर प्रथिनांची गरज बहुतेक त्यातच भागते. या मांडणीचा खरा अर्थ असा की सांभाळणाऱ्या बाईला परदेशी पुडीची गरज नव्हती. घरचं अन्न जास्त वेळा, जास्त घट्ट आणि थोडं तेल-तूप घालून कसं द्यायचं, हे तिला कोणीतरी शिकवायला हवं होतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, पुढच्या उपचारांसाठी पाठवणी, शालापूर्व शिक्षण आणि आहार-आरोग्य शिक्षण अशा तिच्या सहा सेवा. कागदावर सहाही सारख्या तोलाच्या होत्या. व्यवहारात आहारवाटपाने बाकीच्यांना झाकून टाकलं, कारण मोजता येत होतं ते वाटप. आहार-आरोग्य शिक्षण मोजता येत नव्हतं, म्हणून ते महिन्याच्या एखाद्या बैठकीपुरतं उरलं. मुलामागे दिवसाला ३०० कॅलरी आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिनं हे प्रमाण सेविकेला पाठ झालं, पण ३०० कॅलरी म्हणजे किती वाट्या उसळ, हे तिचं तिलाच शोधावं लागलं.

पुढचा धक्का न्यायालयाने दिला. अन्नाच्या हक्काच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी हेच प्रमाण मुलांचा हक्क म्हणून बांधून दिलं. २००४ मध्ये आहारपुरवठ्यातून ठेकेदार दूर ठेवण्याचा आदेश आला आणि डिसेंबर २००६ मध्ये प्रत्येक वस्तीला अंगणवाडी देण्याचा. २००९ मध्ये प्रमाण ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांवर गेलं, तीव्र कुपोषित मुलासाठी ८०० कॅलरींवर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याला कायद्याचं बळ दिलं. २०१७ मध्ये एका मुलामागचा दिवसाचा खर्च ८ रुपये ठरला. आठ रुपयांत ५०० कॅलरी बसवायच्या म्हणजे तांदूळ, गूळ आणि थोडी डाळ. अंडं, मासळी, फळ यांना त्यात जागा करणं फार कठीण. प्रमाण वाढत गेलं, पण ते धान्याच्याच वाटेने वाढलं, आणि रक्तक्षय कमी झाला नाही यात मला नवल वाटत नाही.

गोव्यात आज साडेबाराशेच्या आसपास अंगणवाड्या आहेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच नाश्ता आणि शिजवलेलं अन्न, तर सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी आणि गरोदर-स्तनदा मातांसाठी घरी न्यायचा शिधा. यातली सगळ्यात नाजूक कडी म्हणजे सहा महिन्यांचं बाळ. ते कधीतरी वजन करायला येतं, त्याचं खाणं मात्र घरीच. म्हणजे तिथे सेविकेने दिलेला सल्ला हीच सेवा.

आपली पेजच घ्या. उकड्या तांदळाची पातळ पेज बाळाला पचते, आजीची त्यावर श्रद्धा असते, आणि ती वाईट मुळीच नाही. पण आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २४० मिलिलिटर मावतं. पातळ पेजेने ते पोट पाण्याने भरतं, बाळ तोंड फिरवतं आणि घरचे म्हणतात, पोट भरलं. पेज घट्ट केली तर ती चिकट होते आणि बाळ गिळत नाही. यावरचा उपाय आपल्याच घरांत होता: मोड आणलेली नाचणी. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून अगदी हलकी भाजायची आणि दळायची. घट्ट, गरम पेजेत या पिठाचा एक चमचा ढवळला की काही मिनिटांत पेज सैल होते, कारण मोडातलं विकर (एन्झाइम) पिष्टाचे लांब धागे तोडतं. मग एक उकळी काढायची. पाणी न घालता पेज पातळ, आणि अन्न तेवढंच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर नीट संशोधन झालं. गोव्यात एवढंच पाहायचं की हे पीठ पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याच्या दिवसांत, उन्हं कडक असताना करून ठेवावं. जुलैत मोड वाळत नाहीत, त्यांना बुरशी धरते.

मार्गदर्शन म्हणतात ते हे. प्रशिक्षणात ते तक्त्यांच्या गर्दीत हरवून जातं.

मोजमापाचीही गोष्ट अशीच. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढीची मानकं भारताने २००८ मध्ये स्वीकारली, मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते वेगळे झाले आणि सेविकांना जुनी श्रेणी विसरून नवी रेघ वाचावी लागली. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झालं, २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला आणि वह्यांची जागा मोबाईलने घेतली. नोंद चांगली होऊ लागली हे खरं. पण मुलाची रेघ खाली आली की घरी जाऊन आईशी काय बोलायचं, हे फोन सांगत नाही.

पाळणाघरांचा इतिहास यापासून तुटलेला राहिला. राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना २००६ ची, कष्टकरी आयांसाठी. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, २०१८ मध्ये केंद्राने किमान निकष काढले आणि २०२२ मध्ये ‘पाळणा’ ही योजना मिशन शक्तीखाली आली. पर्वरी, मडगाव, वास्को, फोंड्यात घराच्या एका खोलीत पाच-सहा मुलं सांभाळणारी बाई यातल्या कशातच धड बसत नाही. तिच्याकडे डबा घरून येतो: जॅम लावलेला पाव, बिस्किटं, कधी नूडल्स. दुपारी मूल रडलं की चहात पाव बुडवून देतात. चहा अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. त्याऐवजी पेरूची फोड दिली किंवा वरण-भातावर लिंबू पिळलं तर तेच लोह जास्त शोषलं जातं, हेही नाही. अर्भकांच्या दुधाच्या भुकटीची आणि बाटल्यांची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद केली, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पण नोकरीवर जाणाऱ्या आईने काढून ठेवलेलं दूध बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजता येतं, हे दाखवायला या खोलीपर्यंत कोण येतं?

गेल्या काही वर्षांत वारं थोडं बदललं आहे. जानेवारी २०२३ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या परिशिष्टातलं पोषणप्रमाण सुधारून कॅलरींपलीकडे सूक्ष्म पोषकांचा आणि अन्नातल्या विविधतेचा विचार आला. मे २०२३ मध्ये अंगणवाडीत शिक्षणावरही भर देणारं ‘पोषण भी पढाई भी’ सुरू झालं, म्हणजे ताराबाईंची शिक्षिका, १९७५ च्या योजनेनंतर जवळपास पन्नास वर्षांनी, धोरणात परतली. मे २०२४ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेने १७ सूत्रांची नवी आहारमार्गदर्शिका काढली. ती देशासाठी आहे, त्यामुळे तिच्यात तारले, अळसांदे, तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, कुळथाचं कढण गोव्याच्या ओळखीने भेटणार नाहीत. ते भाषांतर इथे, मराठीत आणि कोंकणीत, वाटी-चमच्याच्या मापात व्हायला हवं. आणि ते सेविकांइतकंच स्वयंपाक करणाऱ्या स्वयंसाहाय्य गटांतल्या बायकांच्या हातात पडायला हवं, कारण प्रशिक्षणाचा भर सेविकेवर असला तरी डाळ किती घट्ट आणि भाजी किती शिजवायची ते चुलीपाशी ठरतं.