गाइडर

गर्ल गाइड चळवळीत मुलींच्या पथकाची जबाबदारी स्वेच्छेने आणि बिनवेतन घेणारी प्रौढ व्यक्ती. बुलबुलांची (सर्वांत लहान मुलींची) फ्लॉक लीडर, गाइडांची कॅप्टन व तिची सहायक लेफ्टनंट आणि रेंजरांची (मोठ्या मुलींची) रेंजर लीडर या सर्वांना मिळून ही संज्ञा वापरतात. महाराष्ट्रातील शाळांत ‘गाइड कॅप्टन’ हेच नाव रूढ आहे. गाइडर ही पगारी प्रशिक्षक नसते आणि एका मुलीची एकटी पालकही नसते. सहा ते आठ मुलींच्या छोट्या संघांमार्फत ती काम करते. हे काम प्रौढांनी का पत्करावे, या प्रश्नाचे उत्तर कामाच्या या घडणीतच बरेचसे सापडते.

उगम : ‘गाइड’ हा शब्द स्काउट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी वायव्य सरहद्दीवरील ‘कोअर ऑफ गाइड्स’ या सैन्यदलाच्या नावावरून घेतला. हे दल १८४६ साली पेशावर येथे उभारले गेले होते. चळवळीच्या आरंभाची प्रचलित कथा अशी : ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील स्काउट मेळाव्यात काही मुली आगंतुकपणे आल्या, आपण ‘गर्ल स्काउट’ आहोत असे त्यांनी सांगितले आणि चकित झालेल्या बेडन-पॉवेल यांनी मुलींसाठी वेगळी योजना आखली. ही कथा अर्धी खरी मानावी लागते. १९०८ च्या स्काउटिंगच्या हस्तपुस्तिकेतच हे शिक्षण मुलींनाही घेता येईल असे सुचवलेले होते, आणि मेळाव्यापूर्वीच पुष्कळ मुलींनी, काहींनी केवळ आद्याक्षरे देऊन, स्काउट म्हणून नोंदणी केली होती. मेळाव्याने आधीपासून असलेली गोष्ट उघड केली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे १९१० मध्ये त्यांची बहीण ॲग्नेस बेडन-पॉवेल यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संघटना उभी राहिली. १९१२ मध्ये दोघा भावंडांच्या नावे मुलींसाठी पहिली हस्तपुस्तिका निघाली.

या वादाचे महत्त्व गाइडरच्या दृष्टीने वेगळेच आहे. आरंभीच्या अनेक तुकड्या मुलींनी स्वतः जमवल्या आणि मग कॅप्टन शोधली. म्हणजे प्रौढ स्त्री येथे संस्थापक म्हणून आली नाही, तिला बोलावून आणले गेले. त्या काळी तरुण मुलींनी उघड्यावर तंबू ठोकणे अनेक घरांना मान्य नव्हते. एका जबाबदार स्त्रीचे नाव जोडल्यावर परवानगी मिळे. शिक्षिका, धर्मोपदेशकांच्या घरातील स्त्रिया आणि सवड असलेल्या मध्यमवर्गीय महिला या भूमिकेत शिरल्या. पहिल्या महायुद्धात गाइडांनी निरोप पोचवणे, शुश्रूषा, बागायत अशी कामे केली, तेव्हा प्रौढांचा ओघ वाढला. रॉबर्ट यांच्या पत्नी ओलाव्ह बेडन-पॉवेल १९१६ मध्ये ससेक्सच्या काउंटी कमिशनर झाल्या व १९१८ मध्ये चीफ गाइड. गाइडर तयार करण्याच्या पद्धतशीर शिक्षणाला त्यांच्याच काळात गती मिळाली, आणि १९२२ पासून फॉक्सलीज हे त्याचे मुख्य इंग्रज केंद्र झाले.

भारतात : पहिली गाइड कंपनी (गाइडांचे पथक) १९११ साली जबलपूर येथे सुरू झाली, असे सर्वसाधारणपणे मानतात. आरंभी ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलींसाठी होती. भारतीय मुलींचा प्रवेश काही वर्षांनी झाला. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक गाइड संघाच्या संस्थापक सदस्यांत भारताचा समावेश होता. ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ची स्थापना ७ नोव्हेंबर १९५० रोजी झाली आणि गर्ल गाइड संघटना १५ ऑगस्ट १९५१ रोजी तीत विलीन झाली. त्यामुळे मुलगे व मुली दोघांची एकच राष्ट्रीय संस्था येथे आहे. पुण्यातील ‘संगम’ हे जागतिक गाइड केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ रोजी खुले झाले. परदेशी स्वयंसेविका तेथे राहून स्थानिक सामाजिक संस्थांबरोबर काम करतात.

प्रेरणेविषयीची मते : स्वयंसेवेच्या हेतूंची सर्वांत परिचित मांडणी मानसशास्त्रज्ञ क्लॅरी, स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांची (१९९८) आहे. मूल्ये, शिकणे, सामाजिक संबंध, व्यावसायिक लाभ, मनातील खंत वा एकटेपणा कमी करणे आणि आत्मसन्मान वाढवणे असे सहा हेतू तीस विधानांच्या प्रश्नावलीने मोजले जातात. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या विचारात हीच गोष्ट मध्यम वयातील एका गरजेपाशी जाते : पुढच्या पिढीला काही देऊन जाण्याची ओढ. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये ‘गंभीर छंद’ ही कल्पना मांडली. गिर्यारोहक वा नाट्यवेडा जसा आपल्या विषयात वर्षानुवर्षे पारंगत होत जातो, तसाच स्वयंसेवकही आपल्या कामात होतो, असे ते म्हणतात.

या तिन्हींपैकी कोणतेही एक मत पुरेसे नाही. गाइडरच्या बाबतीत येण्याचे कारण आणि टिकण्याचे कारण वेगवेगळे असते. ओमोटो व स्नायडर यांनी १९९५ मध्ये स्वयंसेवेचे आधी, चालू असताना आणि नंतर असे टप्पे करून हा भेद दाखवला, आणि तोच अधिक उपयोगी ठरतो. ब्रिटनमध्ये स्वतः गाइड असलेल्या वा मुलीला पथकात घालणाऱ्या बाया गाइडर होतात. महाराष्ट्रात बहुतेक कॅप्टन शिक्षिका असतात आणि अनेकींना मुख्याध्यापकांच्या आदेशाने हे काम मिळते. ‘स्वेच्छा’ हा शब्द तेथे सैलपणे घ्यावा लागतो. तरीही त्यांपैकी काही निवृत्तीनंतरही शिबिरांत दिसतात. आदेशाने आलेली बाई का थांबली, हे पाहायचे तर कामाचा तपशील पाहावा.

कार्यपद्धती : पूर्ण कंपनीत २४ ते ३२ मुली, म्हणजे ६ ते ८ जणींचे चार संघ, प्रत्येकाची एक संघनायिका. साप्ताहिक सभा साधारण दीड तासाची : निरीक्षण व ध्वजवंदन दहा मिनिटे, खेळ पंधरा, संघाच्या कोपऱ्यांत कौशल्य तीस ते चाळीस, उरलेल्यात सेवेचे नियोजन, गाणे व प्रार्थना. कळीची गोष्ट ही की कॅप्टन चारच संघनायिकांना आधी शिकवते आणि त्या आपापल्या संघाला शिकवतात. सपाट गाठ घ्या. उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली तर गाठेची टोके आडवी राहतात आणि ती सुटते. ही चूक बत्तीस जणींच्या रांगेत कॅप्टनला दिसत नाही, सहा जणींच्या वर्तुळात संघनायिकेला लगेच दिसते. पट्टी बांधायला सपाट गाठ वापरतात, कारण ती सपाट बसते आणि टोचत नाही.

ज्या कंपन्यांत कॅप्टन सगळ्या मुलींना स्वतः शिकवते, तेथे चार-पाच मुली पुढे जातात, बाकीच्या उभ्या राहतात आणि संघनायिका हजेरी घेण्यापुरत्या उरतात. कॅप्टनही थकते. थकवा आणि एकटेपणा ही गाइडर सोडून जाण्याची प्रमुख कारणे आहेत, आणि दोन्हींवर पहिला उपाय संघपद्धतीच आहे. दुसरा उपाय म्हणजे लेफ्टनंट. दुसरी प्रौढ नसलेली कंपनी बदलीच्या एका आदेशाने बंद पडते.

सेवेचा भाग नीट आखला नाही तर तो १५ ऑगस्ट व २६ जानेवारीच्या संचलनापुरता उरतो. ‘खरी कमाई’ हा उपक्रम नीट आखलेल्या कामाचे चांगले उदाहरण आहे. मुलींनी स्वतः वस्तू वा खाद्यपदार्थ करून विकावेत, कच्च्या मालाचा खर्च प्रथम वेगळा काढावा, वहीत दोन मुलींच्या सह्या असाव्यात आणि उरलेल्या रकमेचा उपयोग मुलींनीच ठरवावा. घरून आईने तळून दिलेले वडे विकले तर पैसा येतो, शिक्षण येत नाही. कॅप्टनला येथे गप्प राहावे लागते, आणि तेच तिला सर्वांत जड जाते. मुली स्वतः हिशेब चुकवून मग तो दुरुस्त करतात तेव्हा गाइडरला जे दिसते, तेच तिच्या टिकण्याचे सर्वांत भक्कम कारण असते : सहा महिन्यांपूर्वी दुकानदाराशी न बोलणारी मुलगी आता भाव ठरवते.

प्रगती प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान आणि राज्य पुरस्कार या क्रमाने होते. दहावीला वाढीव गुण मिळत असल्याने पालकांचा आणि शाळेचा दबाव कॅप्टनवर येतो. शेवटच्या पंधरवड्यात नोंदवह्या एकाच शाईने भरल्या जातात, हा जुना दोष आहे. दर सभेनंतर पाच मिनिटांत संघनायिकेने नोंद केली की तो टळतो.

तयारी व सुरक्षा : भारतात गाइडरचे शिक्षण बेसिक कोर्स (सात दिवसांचा, निवासी), ॲडव्हान्स कोर्स आणि हिमालय वुड बॅज (पूर्ण प्रशिक्षणाचे मानचिन्ह) या टप्प्यांनी होते. मध्य प्रदेशातील पचमढी हे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. अमेरिकन गर्ल स्काउट्समध्ये प्रत्येक तुकडीबरोबर परस्परांशी नातेसंबंध नसलेले किमान दोन प्रौढ, त्यांत एक स्त्री, असा नियम आहे. तो कोठेही पाळण्याजोगा आहे. भारतात अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या लैंगिक छळाची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. ‘शाळेतच मिटवू’ असे म्हणून ती न कळवणे हा गुन्हा ठरतो. मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवण्याचे वचन म्हणूनच गाइडरने कधीही देऊ नये.

किती काळ थांबावे, याविषयी अमेरिकेतील एका अभ्यासाकडे लक्ष वेधले जाते. ग्रॉसमन व ऱ्होड्स यांना (२००२) ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या, एका मुलाला एक प्रौढ मार्गदर्शक जोडून देणाऱ्या कार्यक्रमात असे आढळले की वर्षभर वा अधिक टिकलेल्या नात्यांचा लाभ सर्वाधिक होता, तर तीन महिन्यांत तुटलेल्या नात्यांतील मुलांचा आत्मविश्वास उलट घटला. तो अभ्यास एकास-एक मार्गदर्शनाचा आणि मुलगे-मुली दोघांचा असल्याने गाइड कंपनीला जसाच्या तसा लावता येत नाही; संघातील मैत्रिणी तेथे आधार असतात. परंतु वर्षाच्या मध्यात जाणाऱ्या गाइडरने मुलींना आधी सांगावे, एक सभा नव्या कॅप्टनबरोबर घ्यावी आणि संघनायिकांची बैठक तिच्याच हाती सोपवावी, एवढी काळजी त्यातून नक्की घेता येते.