पुतळा घडवतात, लेणं कोरतात

पुण्यात शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तो पाहून बरेच जण सहज बोलून जातात, "काय कोरलाय!" दाद मनापासूनची असते, पण त्या पुतळ्यात कोरलेलं जवळजवळ काहीच नाही. विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकरांनी तो आधी मातीत घडवला, मग तो ब्राँझमध्ये ओतला गेला. १९२८ साली त्याचं अनावरण झालं. कोरलेलं काम बघायचं तर तिथून चालत जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरच्या लेण्यात यावं. आपण दोन्हींना शिल्प म्हणून मोकळे होतो. करणाऱ्याच्या हाताला मात्र ही दोन कामं पार उलटी पडतात.

मातीचं काम भर घालत वाढतं. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्याला तारेने लाकडाचे छोटे तुकडे टांगायचे, म्हणजे ओली माती स्वतःच्या वजनाने खाली घसरत नाही. मग थापत, दाबत, काढत-लावत पुढे जायचं. नाक जाड झालं? काढा, परत लावा. मान जरा वळवावीशी वाटली तरी सांगाड्याला झेपेल तेवढी वळते. रात्री ओली फडकी गुंडाळून ठेवायची, नाहीतर सकाळी भेगा. एवढं करून काम मनासारखं झालं की त्यावर प्लास्टरचा साचा घेतात, आणि साचा सोडवताना मूळ मातीचा पुतळा बहुतेक वेळा मोडतो. चौकात आपण बघतो ते त्या मोडलेल्या पुतळ्याचं धातूतलं रूप. मेणाच्या पद्धतीत साच्याच्या आतून काही मिलिमीटर मेणाचा थर देतात, आत गाभा भरतात, बाहेरून उष्णता सोसणारं लिंपण करतात. भट्टीत मेण वितळून वाहून गेलं की उरलेल्या फटीत हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं ब्राँझ ओततात. छिन्नी येते ती शेवटी, सांध्यांच्या उरलेल्या रेघा काढून टाकायला.

पाताळेश्वरला यातलं काही नाही. हे शैव लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं मानतात. बाहेरचा गोल नंदीमंडप नीट बघा. त्याचे खांब कुणी आणून उभे केलेले नाहीत. खांबांच्या आजूबाजूचा कातळ काढून टाकला, खांब मागे राहिले. मातीचा पुतळा सांगाड्याच्या पायापासून वर चढतो, लेणं छताकडून खाली उतरतं. लेण्याचं काम काही ठिकाणी अर्धवट सुटलंय. तिथल्या भिंतीवर उजेड तिरपा पडला की टाकीचे व्रण एकेक करून दिसतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात ते दगडालाच लागू. ब्राँझच्या देवाचे घाव मातीने आधीच सोसलेले असतात. त्यात आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. कठीण तर आहेच, शिवाय लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या पोकळ्या आत कुठेही निघू शकतात. ती मूर्तीच्या ओठावर निघाली तर ठिगळ लावायची सोय नाही.

आकृती कशी उभी राहणार, हेही माध्यमच ठरवतं. ब्राँझ ताण सोसतं आणि पुतळा आतून पोकळ असतो, म्हणून घोडा नुसत्या पायांवर तोलता येतो. दगड दाब सोसतो, ताण नाही. संगमरवरी घोड्याच्या पोटाखाली झाडाचा बुंधा किंवा खडक दिसतो तो हौसेने नव्हे, आधार म्हणून. मातीत रुळलेला शिल्पकार दगडाकडे वळला की त्याच्या आकृत्यांचे पसरलेले हात अंगाला चिकटू लागतात.

खरा घोळ होतो संगमरवरी व्यक्तिपुतळ्यांत. दगड कोरलेला दिसतो, पण अनेकदा शिल्पकाराने मातीत काम करून प्लास्टरमध्ये उतरवलेलं असतं आणि दगडकाम करणाऱ्याने त्यावरून मोजमापं घेत संगमरवर उतरवलेला असतो. माझ्या मते अशा पुतळ्याला घडवलेलाच म्हणावं. नाकाडोळ्यांचे सगळे निर्णय मातीत झालेले असतात. आणि पांढरं दिसलं म्हणजे संगमरवर, असंही नाही. गणपतराव म्हात्र्यांची गाजलेली 'मंदिरपथगामिनी' मुळात प्लास्टरमधली आहे.

सिमेंट मात्र दोन्हींकडे चालतं, आणि करमरकरांनी ते मनापासून वापरलं. अलिबागजवळ सासवण्याला त्यांच्या राहत्या घरात आता संग्रहालय आहे, तिथे सिमेंटमधली त्यांची कामं बघायला मिळतात. सिमेंट ओलं असताना मातीसारखं थापता येतं, थोडं आवळलं की खरवडता येतं, कोरता येतं. अडचण वेळेची. मातीला फडकं गुंडाळून उद्यावर ढकलता येतं, दगड वर्षभरही वाट बघतो. सिमेंट काही तासांत हट्टाला पेटतं, आणि त्यानंतर हातात छिन्नीच घ्यावी लागते.